साठ म्हणजे साठ

माईक हातात आला आणि सौमित्र उठून उभा राहिला. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या लायब्ररीतला हॉल खच्चून भरला होता. खासदार आपल्या मतदारांना भेटायला आले होते, आणि सौमित्र मतदारच नव्हता. बावीस वर्षं या देशात काढून तो अजून व्हिसावरच होता. शेजारी बसलेली त्याची बायको, यामिनी, त्याचा शर्ट खाली ओढत होती.

"बस ना, प्लीज. उगाच कुणाच्या तरी डोळ्यावर येऊ आपण."

बसायचं कसं? पोटचा पोरगा तिकडे युद्धनौकेवर होता. कुश इथेच जन्मला, म्हणून जन्मानेच इथला नागरिक. राष्ट्राध्यक्षांनी संसदेला न विचारता लढाई सुरू केली, आणि कुशची नौका पहिल्याच आठवड्यात निघाली. कायदा काय सांगतो, ते सौमित्रने चारचारदा वाचलं होतं. साठ दिवसांत संसदेने मंजुरी दिली नाही, तर सैन्य मागे घ्यायचं. आज एकसष्टावा दिवस होता. मंजुरी नाही, माघार नाही, आणि कुणी ब्र काढायला तयार नाही. युद्ध थांबवण्याच्या ठरावावर गुरुवारी मतदान होतं, आणि या खासदारांचं अजून तळ्यात-मळ्यात चाललं होतं.

"सर, साठ दिवस काल संपले," सौमित्र म्हणाला. "तुम्ही काय करणार?"

खासदार गोड हसले. माणूस वाईट नव्हता, पण उत्तर पाठ करून आला होता. "हे बघा, साठ हा आकडा इतका काटेकोर धरायचा नसतो. चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे. त्याने काय बिघडतं?"

चार दिवस! सौमित्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. व्हिसावरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला सरकार साठ दिवस देतं. नाही मिळाली, तर गाशा गुंडाळा. त्याला नाही मिळाली. आणि कुशचं हायस्कूलचं ग्रॅज्युएशन नेमकं चौसष्टाव्या दिवशी. मित्र शंतनू जीव तोडून सांगत होता, "अरे यार, चार दिवसांनी कोण बघतंय?" पण सौमित्र पडला सरळमार्गी. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवणारा! साठाव्या दिवशी नवराबायको पुण्याच्या विमानात बसले. कुश शंतनूकडे राहिला. एअरपोर्टवर तो रडत म्हणाला, "ओन्ली फोर डेज, बाबा!" सौमित्रने त्याला छातीशी धरलं आणि सांगितलं, "या देशात साठ म्हणजे साठ. कायदा सगळ्यांना सारखा असतो, बाळा."

ग्रॅज्युएशन त्यांनी पुण्यात फोनवर पाहिलं. आठ महिन्यांनी नवी नोकरी मिळून ते परतले, तोवर कुश नौदलात भरती झाला होता. आपण जवळ असतो तर अडवलं असतं त्याला, असं यामिनी अजून म्हणायची.

"तुम्ही माझे मतदार आहात का?" खासदारांनी विचारलं.

हॉलमधली डोकी वळली. यामिनीने शर्ट घट्ट धरला.

"मी नाही," सौमित्र म्हणाला. "माझा मुलगा आहे. तो तुमच्या लढाईवर गेलाय, म्हणून मी आलोय."

शर्टावरचा हात सुटला. यामिनी उठली. तिने त्याच्या हातातून माईक घेतला आणि पर्समधून फोन काढला.

"सकाळी माझ्या मुलाचा मेसेज आलाय. मी त्याला काय उत्तर लिहू, तेवढंच सांगा," ती म्हणाली आणि वाचायला लागली.

"आई, सिक्स्टी डेज डन. बाबांना सांग, मी बॅग भरून ठेवलीये."