हिराकस

आठवड्याच्या रजेनंतर सकाळी सव्वानऊला शलाकाने हरितगृहाचं दार उघडलं. भुईमुगाच्या सहाही कुंड्या हिरव्यागार होत्या.

कुंड्यांतल्या चुनखडीच्या मातीत मुळांना लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. फक्त सहावीतल्या रोपांत, ते ओढून घ्यायला लावणारं प्रथिन तिने वाढवलं होतं. बाकीच्या पाच पिवळ्या राहिल्या, तरच तिचा प्रबंध उभा राहणार होता.

“सोपानमामा, काय घातलंत?”

“केवडा पडलेला, ताई, पाच कुंड्यांची पानं पार पिवळी. हिराकस दिला. उपाशी लेकरं बघवेनात,” माळी म्हणाला.

हिराकस म्हणजे लोहच. रागवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. “सहावीलाही दिलात?”

“तिला कशाला? जेवलेल्याला कोण वाढतं?”

चार वर्षांत त्या प्रथिनाची एवढी सरळ साक्ष कुणी दिली नव्हती.

नव्या कुंड्या पिवळ्या पडायला चाळीस दिवस लागतात. प्रबंधाची मुदत तीस दिवसांवर होती. तिने लगेच दिलेल्या मुदतवाढीच्या अर्जावर संध्याकाळपर्यंत विभागप्रमुखांची सही झालेली नव्हती.