वडिलांची सही

बाई, माझ्या लेकीचा हात तुम्ही मोडलात.

कथेचे घटक शिकवून झाल्यावर तुम्ही वर्गाला एकेक गोष्ट लिहून आणायला सांगितलीत. हिनं लिहिली, बायकोला पट्ट्यानं झोडपणाऱ्या माणसाची. तुम्ही लाल पेनानं शेरा मारलात, 'खलपात्र जिवंत उतरलंय. स्वयंपाकघराचं वर्णन हुबेहूब. संघर्ष जबरदस्त. दहापैकी नऊ.' वर म्हणालात, "शाब्बास गं! घरी दाखव, वडिलांची सही घेऊन ये."

ती चाचरत म्हणाली, "बाई, आईची चालेल का?"

"वडिलांचीच हवी. त्यांनाही कौतुक वाटू दे की!"

त्यानं उभ्याउभ्या वही वाचली. "बापाला चव्हाट्यावर आणतेस होय गं?" म्हणत तिचा लिहिता हात दाराच्या फटीत धरला आणि दार आपटलं. एकदा नाही, तीनदा. मी मधे पडले तर माझे दोन दात गेले. मग खुर्चीत बसून त्यानं नीट, वळणदार सही केली.

बाई, त्या माणसानं जन्मात दुसरी गोष्ट वाचलेली नाही. तरी ही कोणाच्या घरातली आहे, ते त्याला चार ओळींत कळलं. तुम्हाला कसं नाही कळलं?


की कळलं होतं?