पाहुणी जेवत नाही

त्या बाईला आईनं वळण म्हणून लावलेलं नव्हतं. भट्टीत सावकाश भाजलेलं कोकरू तिनं काट्यानं बाजूला सारलं, चीजच्या करंज्यांना हात लावला नाही, दह्याच्या वाटीकडं नुसतं बघितलं. पाव मोडला, चार ऑलिव्ह तोंडात टाकली, कलिंगडाची एक फोड खाल्ली. झालं जेवण.

असिमिनाआत्यांच्या डोक्यात तिडीक गेली. देवमातेच्या सणाआधीचा पंधरवडा चालू, त्यांचा मांस-दूध वर्ज्य असलेला कडक उपास, म्हणून मिठाची चवसुद्धा न बघता पहाटेपासून हे सगळं रांधलेलं. परक्यांना कसला आलाय उपास, त्यांना मटणच घालायचं. मग मीठ जास्त पडलं की काय? छे. साठ वर्षांत पडलं नव्हतं.

"हिला सांग," त्या नातवाला म्हणाल्या, "आमची म्हातारी शेळी याहून जास्त खाते."

अर्गिरीसनं जर्मनमध्ये बरंच काही गोड गोड सांगितलं. लिंडनरबाईंना ठसका लागला. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला.

बाई एका बड्या कंपनीच्या. कंपनी तीस देशांत पसरलेली, आणि त्या सगळ्यांचे पगार, बिलं, हिशेब आता एकाच गावात बसून करायचे ठरत होतं. नगराध्यक्ष पांदेलीस, आत्यांचा सख्खा भाचा, दोन वर्षं कंपनीच्या मागे लागला होता. त्यानं हे समजावून सांगितलं तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे सुना तीस आणि चूल एक. कळलं."

चूल इथं मांडली तर तीनशे नोकऱ्या येणार होत्या. आत्यांना एकच हवी होती. अर्गिरीस सहा वर्षं श्टुटगार्टला लोकांची बिलं तपासत बसला होता. तीच बिलं इथं तपासली असती तर दुपारी घरचं गरम जेवला असता.

पण भाचा पडला सरळमार्गी. त्यानं कंपनीला नोव्हेंबरात बोलावलं होतं. नोव्हेंबरात चौकात तीन म्हातारे आणि एक कुत्रं असतं, आणि कुत्रंही म्हातारंच. आत्यांनी त्याला फैलावर घेऊन ऑगस्ट ठरवायला लावला. ऑगस्टात सणासाठी परदेशी गेलेलं एकूणएक पोर घरी येतं. चौकात पाय ठेवायला जागा नसते. पोरं जर्मनमध्ये भांडतात, स्वीडिशमध्ये समजूत काढतात.

"भाषा येणारी तरुण पोरं हवीत ना त्यांना? मग असतात तेव्हा दाखव."

"आत्या, हे खोटं झालं."

"खोटं कसलं? पोरं आपलीच आहेत की. पोरं दिसल्याशिवाय नोकरी येत नाही, नोकरी आल्याशिवाय पोरं राहत नाहीत. कुणीतरी आधी कळस चढवायला नको?"

भाच्यानं ऑगस्टची तारीख कळवून टाकली. परदेशी नंबराच्या पन्नासेक गाड्या मात्र लपवाव्या लागल्या. आत्यांनी त्या तेलाच्या घाण्याच्या आवारात लावून घेतल्या, आणि ऑलिव्ह झोडताना झाडाखाली अंथरतात त्या जाळ्या वरून टाकून कडांवर दगड ठेवले.

कलिंगडाच्या साली उचलता उचलता त्यांनी पाहुणीच्या डोक्यावरूनच भाच्याला सांगितलं, "सुट्टीला आलेल्या त्या स्टेलाला बजाव, वीस तारखेच्या परतीच्या विमानाचं चौकात बोलू नकोस म्हणावं. आणि या काटकीला आता जागा दाखव, नाहीतर इथंच चक्कर येऊन पडायची."

जागा म्हणजे तंबाखूचं जुनं गोदाम. वाटेत घाण्याचं आवार. नेमका तिथंच समुद्राकडून वारा सुटला आणि एका गाडीवरची जाळी उडाली. श्टुटगार्टचा नंबर उन्हात लख्ख झाला. पांदेलीस पांढराफटक पडला. आत्यांनी मनातल्या मनात देवमातेला मोठी मेणबत्ती बोलली.

लिंडनरबाई थांबल्या. वाकल्या. जाळी ओढून नीट बसवली, जवळचा चांगला मोठा दगड उचलून कडेवर ठेवला, हात झटकले आणि गोदामात इंटरनेट किती वेगाचं येतं म्हणून विचारलं.

"जर्मन माणसांना टापटिपीचं वेडच असतं," आत्या पुटपुटल्या.

चौकात बाई कितीतरी वेळ पोरांशी बोलत बसल्या. तुम्ही इथलेच का, हे प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकानं छातीवर हात ठेवून हो म्हटलं, आणि त्यात एकही खोटं बोललं नाही. दूध न घालता कॉफी पिऊन झाल्यावर बाईंनी निर्णय सांगितला. अर्गिरीसनं भाषांतर केलं. कंपनी येणार. जानेवारीत कामाला सुरुवात. अट एकच. कचेरीच्या प्रमुख लिंडनरबाई स्वतः असतील आणि याच गावात राहतील.

पांदेलीसनं डोळे पुसले. आत्यांनी नातवाच्या पाठीत गुद्दा घातला, पोरगं हाताला खरंच लागलं, मग त्यांना पटलं. पण लगेच दुसरा विचार आला. म्हणजे ही न जेवणारी बया आता बारा महिने इथं?

तरी घरंदाज बाई पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही. त्यांनी चीजच्या करंज्या कागदात बांधून, जरा आपटूनच, तिच्या हातात दिल्या. बाईंनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. अर्गिरीस भाषांतराला तोंड उघडणार, तोच तिनं त्याला हातानं थांबवलं. आणि चक्क आत्यांच्याच भाषेत, डोंगरातल्या गावांत बोलतात तसे शब्दांची शेपटं गिळत म्हणाली,

"मावशी, या मी जपून ठेवते. परवा देवळातून आले, उपास सुटला, की खाईन. आमच्या वरच्या गावची पोरंपण वीस तारखेलाच जातात."

पांदेलीस मटकन पायरीवर बसला. आत्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"लबाड आहेस," त्या म्हणाल्या. "पण आईनं वळण चांगलं लावलंय."