मोरपंखी रुपया

एकाहत्तरच्या दिवाळीत, भवानीपूरच्या बिऱ्हाडी, शकुनने पूजेसाठी देव्हाऱ्यातली चांदी चिंचेने लख्ख घासली. त्यात मामंजींचा जुना राणीछाप रुपयाही घासला गेला. तेवढ्यात जुनी नाणी विकत घेणारे बंगाली दत्तबाबू आले. मामंजींनी हाक मारली, “सूनबाई, तो रुपया आण. जपून हं! वर्षानुवर्षं चढलेल्या मोरपंखी रंगालाच किंमत. घासला तर नुसती चांदी.” शकुनने तो चकचकीत रुपया उलटसुलट करून पाहिला. तो विकून आलेल्या पैशांत मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. तिने तो मामंजींच्या हाती दिला. त्यांनी चाचपडत तो दत्तबाबूंपुढे केला. “बघा, कसा निळा-जांभळा!” दत्तबाबूंनी भिंग लावलं. “ये किसने घिस डाला?” चिंचेचे हात पदराआड लपवत शकुन म्हणाली, “मी, मामंजी.” मामंजींनी रुपयावरून अंगठा फिरवला. “जाऊ दे. तो रंग मला तरी हल्ली कुठे दिसत होता? बाबूंना चहा टाक.”