काकूंच्या चपला

पुष्पलता जाऊन वर्ष होत आलं, तरी हुडकेश्वरमधल्या घरी दाराशी तिच्या चपला तशाच होत्या. तिच्या नवऱ्याला, प्रेमानंदांना, त्या उचलवत नव्हत्या. मुलगी दामिनी त्यांना बळेच कोकणात घेऊन आली, कासवांसाठी राखून ठेवलेल्या एका निवांत किनाऱ्यावर, तेव्हा त्यांनी त्या पिशवीत घालून सोबत आणल्या.

"बाबा, ह्या काहून आणल्या?" वाळूवर पिशवी उघडलेली पाहून तिनं विचारलं.

"घरी माह्याच्यानं फेकल्या नाही जात. सक्करदऱ्याच्या तलावाचं पाणी तं जागचं हालत नाही. समुद्र घेऊन जाते म्हणतात."

त्यांनी चपला पाण्याच्या कडेला जोडीनं ठेवल्या. भरती चढत आली. एक मोठी लाट येऊन परतली, तेव्हा तिथं नुसती वाळू उरली होती. प्रेमानंदांना वाटलं होतं, आता तरी रडू येईल. काहीच आलं नाही. मग ते दामिनीसोबत चहा प्यायला गेले.

सकाळी खोलीचं दार वाजलं. कासवांची अंडी राखणारा माणूस उभा होता, हातात त्याच चपला, गोड्या पाण्यानं धुतलेल्या.

"काकूंच्या राहिल्या वाटतं किनाऱ्यावर. गावात पाहुणे तुम्हीच, म्हणून इथं आलो. समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही, काका."

प्रेमानंदांनी चपला घेतल्या आणि दाराशी नीट लावून ठेवल्या.

 

"हव जी," ते म्हणाले, "तिले इसरायची सवयच हाये."