अडकलेला अहवाल

"पुन्हा तेच!" शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली. "'फाइल पाठवता आली नाही. प्रवेश नाकारला.'"

सगळे ज्यांना गमतीनं तारमास्तर म्हणत, त्यांनी चष्मा पुसला. इस्पितळाच्या तळघरातून बाहेर फायली धाडणाऱ्या त्या प्रणालीची नस त्यांनाच ठाऊक. वीस वर्षांत ती शंभरदा रुसली असेल. दर वेळी मास्तरांनी चुचकारून तिला रुळावर आणलं होतं. आज मात्र दुपारपासून बाईसाहेब ढिम्म हलत नव्हत्या.

आणि नेमकी आजच घाई. तपासणीचा अहवाल सहाच्या आत अवयव केंद्राला पोचला नाही, तर एक धडधाकट हृदय वाया जाणार होतं. मास्तरांची एकुलती एक लेक चौथ्या मजल्यावर, मशीनच्या श्वासावर.

फोन वाजला. बायको होती.

"गेली का हो फाइल?"

"बघतोय."

"डॉक्टर दोनदा विचारून गेले. माझ्याच्यानं नाही हो आता धीर धरवत."

"बघतोय म्हटलं ना!"

ताई हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही वर जा. मी करते की."

"तुला नाही जमायचं. फार नखरे आहेत हिचे."

मास्तरांनी जोडणी तपासली. डिस्कवरची जागा तपासली. पासवर्ड बदलला. एकेक पायरी, सावकाश, नवशिक्याला शिकवावं तशी. सव्वापाच वाजले. ताईला राहवेना. तिनं आपल्या स्क्रीनवर दिवसभराच्या नोंदी उघडल्या.

"दादा, केंद्राचं नाव परवानगीच्या यादीतून कुणीतरी काढलंय. आज बारा वाजता." ती घुटमळली. "तुमच्याच लॉगिनवरून."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

"घाल परत," शेवटी ते म्हणाले.

"तुम्हीच घाला, दादा. माझा हात होत नाही."

त्यांनी घातलं. हिरवी पट्टी सरसर भरली. दहा मिनिटांत केंद्राचा फोन आला: अहवाल मिळाला, जुळतंय, पथक निघालं.

मास्तरांनी बायकोला फोन लावला.

"पोरीचे केस विंचरून ठेव," ते म्हणाले. "तिचं हृदय न्यायला माणसं निघालीत."