सकाळची पुडी

गिरधरनानांनी पुड्यांचा डबा पार्वताबाईंच्या डोळ्यांदेखत आत नेला आणि रिकाम्या हातांनी बाहेर येऊन सांगितलं, औषध संपलं.

ओट्यावर गुडघे धरून बसलेली माणसं कुरकुरली. कोणी साक्रीहून आलेलं, कोणी शिरपूरहून. धुळ्याजवळच्या या गावात नानांच्या पुडीसाठी रोज गर्दी व्हायची, आणि आज ती एका बाईच्या प्रश्नाने मोडली होती. या पुडीत काय काय घालता, एवढंच पार्वताबाईंनी विचारलं होतं. त्या काही परक्या नव्हत्या. गाव त्यांच्या माहेरचं, नाना वडिलांचे दोस्त.

दुपारी प्राचीचा फोन आला, तशा त्या तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून पिंप्राळ्यातल्या आपल्या घरून निघाल्या होत्या. मिळेल ती एसटी धरली, गॅस बंद केला की नाही तेही आठवेना. प्राची त्यांची मुलगी, हंगेरीतल्या एका क्लबकडून बास्केटबॉल खेळणारी. सामन्यानंतर खेळाडूंची लघवी तपासतात, तिच्या लघवीत बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं होतं. ते पोटात कशातून गेलं हे दाखवता आलं नाही, तर बंदी येणार होती. तिशीला टेकलेली पोर बंदी संपेपर्यंत बाहेर बसली, तर पुन्हा कोण बोलावणार तिला?

"आई, मी बाहेरचं काहीच खाल्लं नाही," प्राची म्हणाली होती. "फक्त तुझे लाडू खाल्ले. त्यात काय घातलं होतंस?"

सुट्टीत आलेली पोर जिना उतरताना कठड्याला धरते, हे पार्वताबाईंनी पाहिलं होतं. नानांची पुडी घे म्हणून त्यांनी तिच्या किती विनवण्या केल्या. पण क्लबच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय प्राची सर्दीची गोळीसुद्धा घेत नसे. मग काय, आईने आपलं आईपण केलं. परदेशी जाणाऱ्या लेकीबरोबर मेथीचे लाडू द्यायचेच होते. मेथी मुळातच कडू, तिच्यात पुड्या कुठे जिरल्या ते कळलंसुद्धा नाही. पुढे गुडघा बरा आहे असा तिकडून फोन आला, तेव्हा पार्वताबाईंनी मनातल्या मनात नानांना हात जोडले होते. आज फोनवर ते सगळं लेकीला कबूल करावं लागलं.

लाडू केव्हाच संपले होते. घरातली शेवटची पुडी पार्वताबाईंनी आज सकाळीच गरम दुधातून घेतली होती, नेहमीसारखी; तपासायला द्यायला एकही उरली नव्हती. त्यांनाही औषधाचा गुण आला होता. वर्षभरात चेहरा असा भरला, की कॉलनीतल्या बायका तब्येतीचं कौतुक करत. आज प्राची मात्र व्हिडिओवर त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, आई, तुझा चेहरा सुजलाय गं.

"नाना, एकच पुडी द्या," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमनं नाव नही लेस मी."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सुरतहून येणाऱ्या पांढऱ्या भुकटीची पिशवी दाराआड होती, तीही त्यांनी पायाने आत सरकवली. भुकटीत काय असतं हे त्यांनी तरी कधी कुणाला विचारलं असेल का, कोण जाणे.

"मन्ही पुडीमा झाडपाला शे, पारू," ते म्हणाले. "तुले जोयजे तर तशी चिठ्ठी दी देस. औषध शुद्ध शे म्हनीसन."

औषध शुद्ध ठरलं, की पार्वताबाईंची लेक लबाड ठरत होती. इतक्या लोकांसमोर त्यांनी नानांचे पाय धरले. नानांनी पाय काढून घेतले आणि दार लावलं.

आता ओट्यावरची माणसं पार्वताबाईंवरच उखडली. देवमाणसाला कशाला छळता, असं एकजण म्हणाला. कोपऱ्यात कोकिळाअक्का बसल्या होत्या, साठी उलटलेल्या. त्यांना डबा आत जायच्या आधीच पुडी मिळाली होती, मुठीतून कागदाचं टोक दिसत होतं. पार्वताबाई धावतच त्यांच्याकडे गेल्या आणि पदर पसरला. पोर परदेशात अडकली आहे, तिचा सगळा खेळ या पुडीवर आहे, असं काहीबाही रडत सांगू लागल्या.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग घाईघाईने पुडी सोडली, तोंडात रिकामी केली आणि पाणीही न घेता गिळून टाकली.

"मना गुडघा कोन दखी?" त्या म्हणाल्या.

पार्वताबाई त्यांच्या हलणाऱ्या गळ्याकडे बघत राहिल्या. रडणं थांबलं होतं. पिशवीत फोन वाजला.

"आई, मिळाली का पुडी?"

पार्वताबाई उठल्या. भिंतीला हात न लावता, एका दमात उठल्या, आणि ते त्यांच्या लक्षात आलं. आज पहिल्यांदाच त्यांना आपल्या न दुखणाऱ्या गुडघ्यांची भीती वाटली.

"पुडी नही भेटनी, बेटा," त्या म्हणाल्या. "पन सकायनी पुडी मना पोटमा शे. त्या लोकेसले सांग, पोरमा जे सापडनं, ते आते मायमा दखा."